शिलाँगच्या नळाचं पाणी आणि खासी गावांचं रान

मेघालयातल्या सोहरा गावाला, म्हणजे आपण भूगोलात शिकलेल्या चेरापुंजीला, वर्षाला सरासरी 11 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत तिथे 26,461 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. त्याच सोहऱ्यात डिसेंबर उजाडला की पिण्याच्या पाण्याची टंचाई सुरू होते. झरे आटतात आणि लांबून पाणी आणावं लागतं.

कोकणातल्या माणसाला याचं फारसं नवल वाटणार नाही. जुलैत चार दिवस घराबाहेर पडू न देणारा पाऊस आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाला लागलेला पोहरा हे दोन्ही त्याने एकाच अंगणातून पाहिलेलं असतं. जांभ्याच्या सड्यावर पडलेलं पाणी बघता बघता खाडीला मिळतं. तेव्हा पाऊस किती पडला यापेक्षा पडलेलं पाणी डोंगराने किती दिवस धरून ठेवलं, यावर उन्हाळा कसा जाणार ते ठरतं. हे धरून ठेवण्याचं काम मुख्यतः डोंगरावरची माती करते, आणि ती माती जागेवर ठेवण्याचं काम रान करतं.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: शहराच्या धरणाच्या वर जे रान आहे, ते कुणाचं आहे? ते राखायचं की विकायचं, हे कोण ठरवतं? शिलाँगची गोष्ट यासाठी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे हे रान सरकारचं नाही. ते तिथल्या खासी या आदिवासी समाजाच्या गावांचं, कुळांचं आणि त्यांच्या पारंपरिक राज्यसंस्थांचं आहे.

रानात पाऊस पडतो तेव्हा

उघड्या उतारावर पावसाचा टपोरा थेंब जोरात आदळतो. त्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात, बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो. मग पुढचं पाणी आत शिरू शकत नाही. ते उतारावरून धावतं, धावताना माती नेतं आणि काही तासांत ओढ्यात पोचतं. ओढा तांबडा होतो, फुगतो आणि दोन दिवसांनी पुन्हा ओसरतो.

रानात या साखळीची पहिली कडीच तुटते. थेंब आधी शेंड्यावर, मग खालच्या फांद्यांवर, मग झुडपांवर पडतो आणि शेवटी पाचोळ्यावर येतो. मातीवर त्याचा थेट मार बसत नाही. पाचोळ्याखाली गांडुळांनी, वाळवीने आणि कुजलेल्या मुळांनी केलेल्या बारीक वाटा असतात. पाण्याचा खरा शिरकाव तिथून होतो. भुसभुशीत रानमाती तासाभरात जेवढं पाणी आत घेते, तेवढं गुरांनी तुडवलेली किंवा ट्रकच्या चाकांनी दाबलेली तीच माती घेत नाही. आत शिरलेलं पाणी मातीतून सावकाश उतरतं, खडकाच्या भेगांत जातं आणि महिन्यांनंतर खालच्या अंगाला झरा होऊन निघतं. पाऊस थांबून तीन-चार महिने झाले तरी ओढा वाहत असेल, तर ते पाणी वरून आलेलं नसतं, डोंगराच्या पोटातून आलेलं असतं.

उंचावरच्या दमट डोंगरांत आणखी एक गोष्ट घडते. धुकं पानांना, शेवाळाला, फांद्यांवरच्या आमरींना लागून थेंब होऊन खाली ठिबकतं. पर्जन्यमापकात हे पाणी नीट मोजलं जात नाही, पण मातीला ते मिळतं. खासी डोंगरांत हे होतं, आपल्या आंबोलीतही होतं.

शहराच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठा फायदा पाण्याच्या स्वच्छतेचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. गढूळ पाणी नुसतं दिसायला वाईट असतं असं नाही. मातीच्या कणांना चिकटून जिवाणू येतात, आणि कणांच्या आडोशाला असलेल्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही. म्हणून शुद्धीकरण केंद्राला आधी तुरटी घालून गाळ खाली बसवावा लागतो. गढूळपणा वाढला की तुरटी वाढते, गाळण्या वारंवार धुवाव्या लागतात, आणि फारच वाढला तर केंद्र काही वेळ बंद ठेवावं लागतं. भर पावसाळ्यात, धरण भरून वाहत असताना, शहरात ‘आज पाणी येणार नाही’ ही सूचना येते ती बऱ्याचदा यामुळे. शिवाय तोच गाळ धरणात साचतो. पंप बिघडला तर बदलता येतो. धरणात साचलेला गाळ काढणं एवढं खर्चाचं आणि कटकटीचं असतं की बहुतेक ठिकाणी तो काढलाच जात नाही. धरणाची क्षमता तेवढी कमी झाली असं धरून चालायचं.

पण झाड पाणी पितंही

रानाला स्पंजाची उपमा सर्रास दिली जाते. ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळे चुकीचे निर्णय घेतले जातात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

झाड जमिनीतून पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतं. मोठं झाड, खोल मुळं, वर्षभर हिरवी पानं असतील तर हा खर्च मोठा असतो. त्यामुळे एखाद्या पाणलोटातली झाडं तोडली तर पहिली काही वर्षं ओढ्यातलं एकूण वार्षिक पाणी बऱ्याचदा वाढतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या कोवीटा इथे 1934 पासून शेजारशेजारच्या पाणलोटांची तुलना करून हे मोजत आले आहेत. आपल्याकडे निलगिरीत, उटीजवळच्या ग्लेनमॉर्गनला, डोंगरी गवताळ कुरणांवर निलगिरीची (ब्लू गम) लागवड करून तिचा परिणाम मोजला गेला. पहिल्या दहा वर्षांत ओढ्याचं पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटलं. झाडं तोडल्यावर बुंध्यांतून पुन्हा वाढलेल्या दुसऱ्या फेरीत घट त्याहून जास्त होती.

मग रान पाणी वाढवतं की कमी करतं? याचं उत्तर वर्षाच्या एकूण बेरजेत शोधायचं नसतं. रान स्वतःसाठी थोडं पाणी खर्च करतं आणि त्या बदल्यात मातीत शिरणारं पाणी वाढवतं. ज्या उतारावरचं रान जाऊन माती धुपली, दाबली गेली, तिथे शिरण्याची क्षमता एवढी घटते की झाडांनी न प्यायलेलं पाणीही पावसाळ्यातच वाहून जातं आणि हिवाळ्यात ओढा कोरडा पडतो. उलट, चांगल्या मुरमाड गवताळ माळावर किंवा सड्यावर ओळीने एकाच जातीची तहानलेली झाडं लावली तर झरा आटूही शकतो. म्हणून पाणलोटासाठी ‘झाडे लावा’ ही घोषणा पुरेशी नाही. जे मूळचं मिश्र रान उभं आहे ते राखणं, आणि जिथे जुनी मुळं जिवंत आहेत तिथे त्यांना पुन्हा वर येऊ देणं, हे नव्या लागवडीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं काम आहे. खासी गावांनी पुढे जे केलं ते मुख्यतः हेच.

उमिएव आणि शिलाँग

शिलाँगला पाणी देणाऱ्या मुख्य योजनेचं धरण शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर मावफलांगला, उमिएव नदीवर आहे. (शिलाँगला जाताना गुवाहाटीच्या रस्त्यावर जो मोठा निळा जलाशय दिसतो तो उमियाम किंवा बडापानी. तो वीजनिर्मितीसाठी आहे. नावं जवळची असल्याने पर्यटकांचा नेहमी गोंधळ होतो.) उमिएव पुढे दक्षिणेला खोल दरीत उतरते आणि बांगलादेशच्या मैदानात जाते.

तिच्या वरच्या पाणलोटात डोंगरउतारांवर बटाट्याची शेती आहे, गावं आहेत, खासी पाइनची विरळ रानं आहेत, आणि अधूनमधून रुंदपानी झाडांची दाट, काळोखी राई आहे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध राई मावफलांगचीच. सुमारे 75 हेक्टरची ही देवराई लबासा या देवतेची मानली जाते. तिथून पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा नेम आहे, आणि कडेला पूर्वजांच्या उभ्या शिळा आहेत. राईतल्या मातीवर पाय ठेवला तर तो दबतो, एवढा पाचोळ्याचा थर आहे. बाहेर शंभर पावलांवर तीच टेकडी गवताळ आणि कडक आहे. आधीच्या परिच्छेदांत सांगितलेला सगळा जलविज्ञानाचा पाठ त्या शंभर पावलांत प्रत्यक्ष दिसतो.

रान कुणाचं

महाराष्ट्रात ‘जंगल’ म्हटलं की वनखातं डोळ्यांपुढे येतं. मेघालयात चित्र उलटं आहे. राज्याच्या नोंदलेल्या सुमारे 9,496 चौरस किलोमीटर वनक्षेत्रापैकी राखीव वन फक्त 1,113 चौरस किलोमीटर आहे. जवळजवळ 88 टक्के वनक्षेत्र सरकारी कागदांत ‘अवर्गीकृत’ म्हणून येतं, आणि प्रत्यक्षात ते गावांचं, कुळांचं, व्यक्तींचं असतं. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने इथे स्वायत्त जिल्हा परिषदा निर्माण केल्या आणि जमीन व रान यांबाबतचे पारंपरिक हक्क मान्य केले. खासी-जयंतिया डोंगरांसाठी 1958 मध्ये जिल्हा परिषदेचा स्वतंत्र वनकायदाही झाला.

त्या कायद्यात रानाचे जे प्रकार येतात ते खासी लोकांच्या वापरातलेच आहेत. (खासीत ‘लॉ’ म्हणजे रान.) ‘लॉ किनतांग’ ही देवराई. ‘लॉ लिंगडोह’ म्हणजे पुरोहित घराण्याच्या ताब्यातलं रान. ‘लॉ आडोंग’ हे राखलेलं रान, जिथे तोड बंद असते, आणि त्यामागे बऱ्याचदा गावाचा झरा हेच कारण असतं. ‘लॉ श्नोंग’ हे गावाचं रान, घराला वासा, चुलीला लाकूड लागलं तर गावाच्या परवानगीने घेण्यासाठी. आणि ‘लॉ रि किन्ति’ म्हणजे कुळाच्या किंवा खासगी मालकीच्या जमिनीवरचं रान.

निर्णयही अशाच थरांत होतात. गावाचा दोरबार असतो आणि त्याचा निवडलेला मुखिया, रांगबाह श्नोंग. अनेक गावांवर ‘हिमा’ असते, म्हणजे पारंपरिक छोटं राज्य, ज्याचा प्रमुख सियेम किंवा लिंगडोह असतो. ब्रिटिश येण्याआधीपासूनची ही व्यवस्था आजही जमिनीचे तंटे सोडवते, रानाचे नियम करते आणि दंड वसूल करते.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. खासी समाज मातृवंशीय आहे, वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, तरी पारंपरिक दोरबारात निर्णय पुरुषांचेच राहिले आहेत. सरपण आणि पाणी आणणाऱ्या बायका आणि रानाचे नियम करणारे पुरुष अशी विभागणी तिथेही आहे. सामूहिक मालकी म्हणजे आपोआप सगळ्यांचा आवाज, असं समजायचं कारण नाही.

मालक असूनही रान का गेलं

रान लोकांचं असलं की ते आपोआप टिकतं, असं मानणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मेघालय पाहावं. उमिएवच्या पाणलोटातही देवराया तगल्या आणि त्यांच्याभोवतीचं गावरान पातळ होत गेलं.

कारणं साधी आहेत. शिलाँग वाढलं आणि त्याला दगड, वाळू, सरपण आणि लोणारी कोळसा हवा होता. दगडाची खाण हे मालकाला मिळणारं रोख उत्पन्न, रान राखल्याबद्दल मात्र कुणी एक रुपयाही देत नव्हतं. उतारांवर ‘बुन’ पद्धतीने बटाटा होतो: वाळलेला पाला-फांद्या वाफ्यात रचून त्यावर माती टाकायची आणि आत आग लावायची, म्हणजे राखेने जमीन सुधारते. हे वाफे बहुधा उताराच्याच दिशेने असतात, त्यामुळे पहिल्या जोराच्या पावसात माती खाली जाते. कोरड्या महिन्यांत कुरणाला किंवा वाफ्याला लावलेली आग रानात शिरते. पाइनच्या सुया भराभर पेटतात, रुंदपानी झाडांची रोपं मरतात, आणि पुन्हा पाइनच वाढतो. असं दर वर्षी झालं की रान उभं दिसतं, पण त्याखालची माती हळूहळू मरते.

याहून खोल कारण जमिनीच्या मालकीतलं आहे. खासी रिवाजात ‘रि राइद’ म्हणजे समुदायाची जमीन आणि ‘रि किन्ति’ म्हणजे कुळाची किंवा खासगी जमीन. समुदायाच्या जमिनीवर कुणी कायमची शेती केली, घर बांधलं, तर हळूहळू ती त्याची होते. बाजार जवळ आला, जमिनीला किंमत आली, तसतशी सामूहिक जमीन खासगी होण्याचा वेग वाढला. जमीन खासगी झाली की ती विकायला दोरबाराला विचारावं लागत नाही.

12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला की मालकी कुणाचीही असो, शब्दाच्या सर्वसाधारण अर्थाने जे वन आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू होतो. ईशान्येतल्या बेलगाम लाकूडतोडीला त्यामुळे लगाम बसला. पण बंदीने ट्रक थांबतात, वणवा थांबत नाही, चराई थांबत नाही. रोज संध्याकाळी पेटणाऱ्या चुलीचा प्रश्नही त्याने सुटत नाही. त्यासाठी गावातल्या माणसांनीच काही ठरवावं लागतं.

बासष्ट गावांनी काय ठरवलं

मावफलांग हिमाने सुरुवात केली, आणि 2011 मध्ये दहा हिमांनी मिळून एक संघ नोंदवला. खासीत त्याला थोडक्यात ‘का सिंजुक’ म्हणतात. तांबोर लिंगडोह हे या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांपैकी प्रमुख. सुमारे 27 हजार हेक्टरचं पाणलोट आणि 62 गावं या संघाखाली येतात. ही सीमा महत्त्वाची आहे: ती तालुक्याची किंवा मतदारसंघाची नाही, नदीच्या पाणलोटाची आहे. वरच्या गावाने रान राखलं आणि मधल्या गावाने खाण काढली तर खालच्या ओढ्याला उपयोग नाही, म्हणून दहा वेगळ्या पारंपरिक सत्तांनी एका नदीसाठी एकत्र बसणं हेच मला या सगळ्यातलं सर्वांत अवघड आणि मोलाचं काम वाटतं.

प्रत्यक्ष कामं ऐकायला अगदी साधी आहेत. हिवाळा सुरू होताच रानाभोवती जाळरेषा काढायच्या आणि वणव्याच्या महिन्यांत गावातली पोरं राखणीला बसवायची. आग लागणं बंद झालं की पहिल्या दोन-तीन वर्षांतच जुन्या बुंध्यांना धुमारे फुटतात, पक्ष्यांनी आणलेलं बी रुजतं. त्यांतले चांगले कोंब ठेवून बाकीचे विरळ करायचे, गुरं आत जाऊ द्यायची नाहीत. रोपवाटिका, खड्डे, टँकर असा लागवडीचा खर्च यात जवळजवळ नाही.

मग सरपणाचं काय? कमी लाकूड लागणाऱ्या चुली दिल्या गेल्या. गुरं-शेळ्यांऐवजी बंदिस्त डुकरं आणि कोंबड्या पाळायला बचत गटांतून मदत झाली. यातून दोन गोष्टी साधल्या. रानातली चराई कमी झाली, आणि ज्या बायकांना दोरबारात जागा नव्हती त्यांच्या हातात बचत गटाचा पैसा आणि त्याचा हिशेब आला. ज्या घराचं सरपण बंद केलं त्या घराला दुसरी सोय मिळाली नाही, तर रानाचा नियम दोन हंगामांपलीकडे टिकत नाही, हे आपल्याकडच्या कुऱ्हाडबंदीच्या गावांनाही माहीत आहे.

पैसा कुठून आला

या कामाला पैसा आला तो बराचसा कार्बनच्या बाजारातून. रान वाढलं किंवा तुटायचं वाचलं, तर तेवढा कार्बन हवेत गेला नाही. तो मोजून, त्रयस्थाकडून तपासून घेऊन त्याची प्रमाणपत्रं विकता येतात. खासी हिल्सचा हा प्रकल्प ‘प्लॅन विवो’ या मानकाखाली 2013 मध्ये प्रमाणित झाला. लोकांच्या मालकीच्या रानाबाबत अशा तऱ्हेचा तो भारतातल्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक. परदेशातले खरेदीदार प्रमाणपत्रं घेतात, पैसे संघाकडे येतात आणि गावपातळीवरच्या समित्यांमार्फत खर्च होतात.

माझं मत असं की हा पैसा उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून राहण्यात धोका आहे. कार्बनचा भाव खूप दूर बसलेली माणसं ठरवतात आणि तो कधीही पडू शकतो. शिवाय मोजदाद, तपासणी, अहवाल यांचा खर्च मोठा असतो. लहान गावाला तो एकट्याने परवडत नाही, संघ केला म्हणूनच जमला. रानाचा रोजचा, थेट फायदा घेणारा ग्राहक जवळच आहे, आणि तो म्हणजे शिलाँग. उमिएवचं पाणी जे पितात त्यांनी वरच्या रानाची राखण पाणीपुरवठ्याच्या खर्चातच धरावी, हे जास्त न्याय्य आणि टिकाऊ. मेघालय सरकारने 2022 मध्ये ‘ग्रीन मेघालय’ ही योजना आणली. तिच्यात नैसर्गिक रान राखणाऱ्या गावांना, कुळांना आणि व्यक्तींना करार करून हेक्टरी मोबदला दिला जातो. पैसा शासनाच्या तिजोरीतून येत असला तरी दिशा बरोबर आहे: रान उभं ठेवणं हेही उत्पन्नाचं साधन मानलं गेलं.

शहराने स्वतःच्या खिशातून वरच्या गावाला पैसे देण्याचं उदाहरण हवं असेल तर ते हिमाचलमध्ये आहे. धौलाधारच्या पायथ्याच्या पालमपूर शहराला बोहल गावाच्या वरच्या झऱ्यातून पाणी येतं. ते घटू लागलं तेव्हा 2010 मध्ये नगरपरिषदेने वरच्या गावांच्या वनसमितीशी करार केला. गावांनी पाणलोटातल्या रानाची राखण करायची, तोड आणि चराईवर नियम घालायचे, आणि नगरपरिषदेने वर्षाला 10 हजार रुपये द्यायचे. रक्कम फार लहान आहे आणि ती वाढायला हवी, यात वाद नाही. पण एका नगरपरिषदेने लेखी मान्य केलं की आमच्या नळाच्या पाण्यात तुमचे श्रम आहेत. भारतातल्या किती महापालिकांच्या अंदाजपत्रकात अशी एक ओळ आहे?

मुंबई-पुण्याच्या धरणांवरचं रान

महाराष्ट्रात या चित्राचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले आहेत.

देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांच्याकडे अभ्यासकांचं लक्ष आहे. कोकणात आजही अनेक देवरायांत देवाला कौल लावल्याशिवाय झाड तोडत नाहीत, आणि राईच्या पायथ्याशी बहुतेकदा गावाची बारमाही विहीर किंवा पाण्याचं टाकं असतं. पण जमिनीच्या कागदावर यातल्या कित्येक राया महसूल किंवा वनखात्याच्या आहेत. राखतं गाव आणि मालक दुसराच. म्हणून रस्ता रुंद करताना किंवा मंदिराचा जीर्णोद्धार करताना राईतली झाडं गेली, तर गावातल्या ज्यांना ते नको असतं त्यांच्या हातात कायद्याचा आधार नसतो.

दुसरा तुकडा गडचिरोलीत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळू शकतो, आणि त्यात रान राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्कही येतो. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर रानावर तो मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गाव हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून सर्वसहमतीने रान सांभाळत होतं. आज महाराष्ट्रात हजारो गावांकडे असे दावे मान्य झालेले आहेत, प्रामुख्याने विदर्भात. मालकीच्या जवळ जाणारा हक्क, ग्रामसभा आणि रान, हे सगळं तिथे आहे. खाली पाण्याचा मोबदला देणारं मोठं शहर मात्र बऱ्याच ठिकाणी नाही, त्यामुळे उत्पन्न येतं ते बांबू आणि तेंदूपानांतून.

जिथे मोठं शहर आहे तिथे उलट अवस्था आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वर्षानुवर्षं ही बातमी दर मे महिन्यात छापून येते. धरणात बुडालेली जमीन त्यांची, वरच्या रानाशी रोजचा संबंध त्यांचा, आणि त्या रानातून गाळून आलेल्या पाण्यावर हक्क मात्र शंभर किलोमीटरवरच्या शहराचा. अशा परिस्थितीत ‘आदिवासींनी जंगल वाचवावं’ असं शहरात बसून म्हणणं मला पटत नाही. आधी त्या पाड्यांना नळ द्या, त्यांच्या ग्रामसभांचे सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढा, आणि मग शहराने त्यांच्याशी पाण्याचा करार करावा. या तीन गोष्टींचा क्रम बदलला तर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं. त्यांच्या वरच्या उतारांवर काही रान वनखात्याचं आहे, काही जमिनी शेतकऱ्यांच्या, आणि काही बंगल्यांच्या भूखंडांसाठी विकल्या गेल्या आहेत. एकेका भूखंडासाठी उतार कापला की ती माती कुठे जाते, हे उमिएवच्या खाणींनी दाखवलेलं आहे. शिलाँगकडे एक गोष्ट होती जी पुण्याकडे नाही: पाणलोटातल्या गावांना एकत्र बसवणारी, सगळ्यांनी मानलेली सत्ता. ती आपल्याला नव्याने बांधावी लागेल. कायद्यात त्यासाठी जागा आहे. सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभा आपल्या व्यवस्थापन आराखड्यात झरे आणि ओढ्यांचे उगम राखीव दाखवू शकतात. जैवविविधता कायद्याखाली गावोगाव समित्या आहेतच, पण बहुतेक कागदावर. महापालिका पाणीपट्टीतला एक हिस्सा पाणलोटासाठी वेगळा काढू शकते. रक्कम ठरवताना पालमपूरच्या 10 हजारांपासून नाही, तर आपलं शुद्धीकरण केंद्र दर पावसाळ्यात तुरटीवर आणि गाळण्या धुण्यावर किती खर्च करतं त्या आकड्यापासून सुरुवात करावी. तो आकडा महापालिकेकडे असतो, आणि माहितीच्या अधिकारात कुणीही नागरिक तो मागू शकतो.